पांढरा साका

गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधु साधना’ जहाज अरबी समुद्रात नमुन्यांसाठी थांबलं, की रात्र असो वा पहाट, रसायनशास्त्रज्ञाला उठावंच लागतं. खोलवरच्या बाटल्या वर आल्या की पहिला मान प्राणवायूच्या नमुन्याचा. नळी तळाशी टेकवायची, पाणी उतू जाऊ द्यायचं. एक बुडबुडा शिरला तरी नमुना वाया. मग मँगनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड. प्राणवायू असेल तर साका तपकिरी; मध्य अरबी समुद्रात साधारण १५० मीटरखाली मात्र तो जवळजवळ पांढराच. विंकलरची ही १८८८ची पद्धत आजही टिकून आहे, कारण नव्या संवेदकांची परीक्षा तीच घेते. डोलत्या टेबलावर ब्युरेट वाचणाऱ्यांना कारागीर म्हणायलाही हरकत नसावी. या अंकाची मुखपृष्ठकथा त्यांच्यावरच आहे.