दुधी, कारले आणि रसाचा पेला

दुधी आणि कारले यांत अधिक पौष्टिक कोणते, हा प्रश्न वैद्यांच्या चिकित्सालयात वरचेवर येतो, आणि औषधी दुकानाच्या गल्ल्यापाशी तर त्याहूनही अधिक वेळा विचारला जातो. विचारणारा बहुधा मधुमेही असतो किंवा वाढत्या वजनाने त्रस्त झालेला असतो, आणि त्यास उत्तर एका शब्दात हवे असते. तसे उत्तर देता येण्याजोगे आहे. परंतु तेवढे देऊन थांबणाऱ्या व्यावसायिकाने आपले कर्तव्य पुरे केले, असे आम्हांस वाटत नाही. प्रश्नात नाव भाजीचे असले, तरी विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा सकाळी अनशापोटी घ्यावयाचा रस असतो.

प्रथम कोष्टकाचे उत्तर पाहू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, १९८९ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या कोष्टकांत १०० ग्रॅम खाद्य भागामागे दुधीत पाण्याचे प्रमाण सुमारे ९६ टक्के, तर कारल्यात सुमारे ९२ टक्के दिले आहे. ऊर्जा दुधीत १२ व कारल्यात २५ किलोकॅलरी. प्रथिने अनुक्रमे ०.२ व १.६ ग्रॅम, फॉस्फरस १० व ७० मिलिग्रॅम. कॅल्शियम दोहोंत सारखेच, २० मिलिग्रॅम. ठळक अंतर 'क' जीवनसत्त्वात दिसते : कारल्यात ८८ मिलिग्रॅम, आणि दुधीपुढे शून्य. केवळ आकड्यांवर निवाडा करावयाचा, तर कारले निर्विवाद श्रेष्ठ ठरते.

पण हे आकडे कच्च्या भाजीचे आहेत. आपल्याकडे कारले चिरून, मीठ चोळून, सुटलेले पाणी पिळून टाकण्याची रीत घरोघरी आहे. 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे व उष्णतेने नाश पावणारे असल्याने त्याचा मोठा हिस्सा मोरीत जातो आणि उरलेल्यातील काही कढईत. शिवाय चिंच-गुळाच्या कारल्याच्या चार फोडी पानात डावीकडे बसतात, दुधीची भाजी मात्र वाटीभर खाल्ली जाते व तिच्यात हरभऱ्याची डाळ पडलेली असते. पानातील प्रथिने त्या डाळीची असतात. कोष्टकात दुधीच्या ओळीत ती कोठून दिसावीत? (दुधी हलव्याची गोष्ट निराळी. त्यात दुधीची योग्यता शोधणे म्हणजे खव्याचे श्रेय भोपळ्याला देणे होय.) राष्ट्रीय पोषण संस्थेच्याच २०१७ च्या कोष्टकांत तर लांब दुधी, गोल दुधी, तसेच आखूड व लांब कारले यांच्या नोंदी वेगवेगळ्या केल्या आहेत. एकाच भाजीच्या वाणावाणांत फरक पडतो, हे त्यातून मान्य झालेच आहे.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. भावप्रकाशात कारवेल्लक शीत, लघु, भेदी व तिक्त सांगितले असून ज्वर, पांडू, मेह व कृमी यांत त्याची उपयुक्तता वर्णिली आहे. गोड तुंबी मात्र गुरू, हृद्य, वृष्य व धातुपुष्टी वाढविणारी म्हटली आहे. येथे क्षणभर थांबावे. कोष्टकात जी भाजी जवळजवळ रिकामी दिसते, तिला शास्त्र धातुपोषक म्हणते. आणि ज्या कारल्याचा रकाना भरलेला, ते शास्त्राच्या दृष्टीने मुख्यतः दोषहर आहे. याचा अर्थ दोहोंपैकी एक पक्ष चुकीचा, असा आम्ही करीत नाही. रसायनशाळा द्रव्यात काय आहे ते मोजते. निघंटुकार द्रव्य सेवन केल्यावर देहात काय घडते ते नोंदवितात. दुधीत पाणी अधिक, म्हणून ती लघु, असे आज अनेक वैद्यही बोलून जातात. शास्त्राने तसे म्हटलेले नाही. मंदाग्नी असलेल्या, कफप्रधान, स्थूल रुग्णास दुधीचा मारा करण्यापूर्वी 'गुरू' हा शब्द पुन्हा एकदा वाचावा, एवढीच आमची विनंती आहे.

तथापि हा मतभेद विद्वत्सभेतील आहे. जिवाशी गाठ आहे ती रसाची.

चरकाचार्यांनी पंचविध कषायकल्पना सांगताना स्वरस हा सर्वांत बलवान मानला आहे. कल्क, क्वाथ, हिम व फांट हे त्याच्या मागून उतरत्या क्रमाने येतात. शार्ङ्गधराने याच गुरुत्वामुळे स्वरसाची मात्रा अर्धे पल ठरविली, म्हणजे आजच्या मानाने सुमारे २४ ग्रॅम. सकाळी फिरावयास जाणारी मंडळी उद्यानाच्या फाटकाशी जो पेला रिता करतात, तो २०० मिलिलिटरांचा असतो. भाजी म्हणून निरुपद्रवी असलेले द्रव्य स्वरसरूपात, आठपट मात्रेत, रिकाम्या पोटी, वर्षानुवर्षे आणि वैद्यास न विचारता घेतले जाते, आणि त्यास आयुर्वेदाचे नाव दिले जाते. या नामकरणास आमचा आक्षेप आहे.

दुधीच्या बाबतीत तर प्रश्न मात्रेपुरताही उरत नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील तिसरा अध्याय इक्ष्वाकूचा, म्हणजेच कडू भोपळ्याचा आहे. वमनासाठी त्याचे ४५ योग तेथे सांगितले आहेत. कडू तुंबी ही तीव्र वामक आहे, हे आपल्या पूर्वसूरींना पुरते ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी गोड व कडू अशी दोन स्वतंत्र द्रव्ये मानली. आधुनिक रसायनशास्त्राने या कडूपणास कारणीभूत असलेल्या द्रव्यांना कुकरबिटासिन हे नाव दिले. अडचण अशी, की बाजारातील दिसावयास गोड वाणाची, कोवळी, हिरवीगार दुधीही क्वचित कडू निघते. बाहेरून ती ओळखता येत नाही आणि शिजविल्याने तिचा दोष जाईल, याचाही भरवसा नाही. ओळखण्याचे एकच साधन, ते म्हणजे जिव्हा.

स्वयंपाकघरात हे साधन आपोआप वापरले जाते. चिरताना एखादी फोड तोंडात टाकली जाते, अथवा पहिल्याच घासाला तोंड वाकडे होते आणि भाजी टाकून दिली जाते. रस मात्र नाक दाबून घटाघटा पिण्याची रीत आहे. त्यातच दुधीच्या रसात कारल्याचा रस मिसळला, की ही एकमेव राखणही उठते. पेल्यातील कडूपणा कारल्याचा की दुधीचा, हे ब्रह्मदेवासही सांगता यावयाचे नाही. उलट, जितका कडू तितका गुणकारी, अशा समजुतीने पिणारा तो पेला निष्ठेने संपवितो.

हे भय काल्पनिक नाही. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी व कारल्याचा एकत्रित रस घेतल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी या विषयाचा विचार केला आणि त्यांचा लेख २०१२ साली परिषदेच्या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू लागल्यास ती टाकून द्यावी, दुधीच्या रसात अन्य रस मिसळू नये, आणि त्रास जाणवताच रुग्णालय गाठावे, असा त्यांचा सल्ला आहे. या विषावर ज्ञात उतारा नाही. उपचार लक्षणांनुसारच करावे लागतात. पुढे जून २०१८ मध्ये पुण्यातही दुधीच्या रसानंतर एका महिलेच्या मृत्यूचे वृत्त वर्तमानपत्रांत आले. परिषदेचा सल्ला प्रसिद्ध होऊन तेव्हा सहा वर्षे लोटली होती.

वैद्यांसाठी यात आणखी एक सूचना आहे. अशा रुग्णास पोटात तीव्र वेदना, वारंवार वांती, क्वचित रक्ताची वांती होते आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो. 'शरीरातील घाण निघते आहे, निघू द्या', असा धीर देणारे लोक आमच्या कानांवर आले आहेत, आणि खेद वाटतो, पण त्यांत पदवीधरही आहेत. हे शोधन नव्हे. स्नेहन-स्वेदनाविना, बल न पाहता, अज्ञात मात्रेत पोटात गेलेले इक्ष्वाकू म्हणजे विषप्रयोगच होय, आणि अशा रुग्णास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठविले पाहिजे.

कारल्याच्या रसाचे संकट याहून सौम्य, पण नित्याचे आहे. मधुमेही तो बहुधा चालू गोळ्यांसोबतच घेतो. कारले आणि क्लोरप्रोपामाइड यांच्या एकत्र परिणामाकडे 'लॅन्सेट'ने १९७९ सालीच लक्ष वेधले होते. ते औषध आज मागे पडले असले, तरी त्याच वर्गातील ग्लिमेपिराइड घराघरांत आहे. तेव्हा अकस्मात साखर उतरण्याचा धोका ध्यानी ठेवावयास हवा. दुसऱ्या बाजूने पाहता, मधुमेहातील कारल्याच्या उपयोगासंबंधी झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये घेतलेला आढावा, पुरावा अपुरा आहे, असेच सांगतो. चाचण्या लहान होत्या, हे खरे. त्या मोठ्या करून दाखविणे हे आपल्याच महाविद्यालयांचे काम आहे. तोवर 'गोळ्या बंद करा, कारले घ्या' असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

औषधी विक्रेत्या बंधूंशी आता थोडे स्पष्ट बोलतो. दुधी-कारल्याचा मिश्र रस मांडणीवर ठेवू नये, असे आमचे ठाम मत आहे. बाटलीबंद मालाची परीक्षा कारखान्यात होतेच, असा युक्तिवाद केला जाईल. मग उत्पादकास एवढेच लिहून विचारावे, की रस काढण्यापूर्वी प्रत्येक दुधी चाखली जाते काय आणि तयार मालात कुकरबिटासिनची तपासणी होते काय. लेखी उत्तर आल्यास ते जपून ठेवावे. न आल्यास माल परत करावा. विक्रीत खोट येईल, हेही आम्ही जाणतो. सकाळच्या गिऱ्हाइकाचा मोठा भाग याच बाटल्यांवर येतो आणि शेजारचे दुकान ती विकतच राहणार. परंतु बाधा झालेल्या रुग्णाचे नातेवाईक शेजारच्या दुकानाकडे बोट दाखविणार नाहीत. ते आयुर्वेदाकडे दाखवतील.

एकट्या कारल्याचा रस मागणाऱ्यास, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारल्यावाचून बाटली देऊ नये, आणि गोळ्या चालू असल्यास त्याच्या वैद्याची चिठ्ठी मागावी. दुधीचा रस मागणाऱ्यास मंडईची वाट दाखवावी : कोवळी दुधी आणावी, चिरताना फोड चाखावी, जिऱ्याची फोडणी देऊन मुगाच्या डाळीत शिजवावी, आणि साल किसून, तीळ घालून चटणी करावी.