इंजिन बदललं म्हणून गाडी बाटते काय?

पावाचा तुकडा विहिरीत पडला, गावाने ते पाणी प्यायलं आणि अख्खा गाव बाटला, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. जुन्या गाड्यांच्या शौकीन मंडळींना ती अजूनही शब्दशः खरी वाटत असावी. फरक इतकाच, की विहिरीच्या जागी मॉरिस मायनर आणि पावाच्या जागी मारुती जिप्सीचं इंजिन!

झालं असं, की माझ्या एका मित्राकडे त्याच्या आजोबांची १९५८ सालची मॉरिस मायनर १००० आहे. तिचं ९४८ सीसीचं बिडाचं इंजिन आता उभं राहायच्या पलीकडे गेलंय. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी, कूलंट हा शब्दच कुणाला ठाऊक नव्हता तो काळ. आतून गंज धरला, एकदा घाटात तापली, ब्लॉकला तडा गेला. तो दोनदा शिवून झाला, दोनदा फुटला. बोअरिंग करायला आता भिंतीत धातूच उरलेला नाही. तेव्हा त्याने ठरवलंय की मोडीत निघालेल्या जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन आणि तिचाच गिअरबॉक्स या गाडीत बसवायचा. ही बातमी शौकिनांच्या एका बैठकीत फुटली आणि मग काय विचारता! एकाने सांगितलं, "देवघरातली मूर्ती काढून कॅलेंडर लावतोस." दुसऱ्याने गाडी विकत मागितली, म्हणजे निदान ती 'योग्य हातात' तरी जाईल. तिसऱ्याने सरळ 'खून' म्हटलं.

या खुनाच्या आरोपाचं वकीलपत्र मी आज घेतलंय.

पहिला मुद्दा 'मूळ इंजिन' या शब्दाचाच. वाचकहो, मायनरचं मूळ इंजिन कोणतं? अ‍ॅलेक इसिगोनिस या गृहस्थाने (पुढे १९५९ साली ज्याची मिनी आली तोच हा) युद्धाच्या काळात 'मॉस्किटो' या नावाने ही गाडी आखायला घेतली, तेव्हा तिच्यासाठी चार सिलिंडरचं आडवं, दोन-दोन सिलिंडर समोरासमोर असलेलं इंजिन योजलं होतं. बॉनेटखाली एवढी ऐसपैस जागा का, याचं उत्तर तिथे आहे. खर्च आणि वेळ यांचं गणित जमेना म्हणून ते इंजिन बारगळलं, आणि १९४८ साली गाडी बाजारात आली ती मॉरिस एटमधलं जुनंपुराणं ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन पोटात घालून. म्हणजे जन्मतःच उसनं इंजिन! पुढे १९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र आल्या आणि हाडवैरी कंपनीचं, ऑस्टिन ए-३० चं ८०३ सीसीचं इंजिन मायनरमध्ये आलं. १९५६ मध्ये ९४८, १९६२ मध्ये १०९८. तेवीस वर्षांत कारखान्याने चार इंजिनं घातली, एक योजलेलं घातलंच नाही. तरी मायनर ती मायनरच राहिली. १९६० च्या अखेरीला दहा लाखांवी मायनर बाहेर पडली तेव्हा 'यातल्या खऱ्या किती?' असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

मग मायनर म्हणजे काय? तो गोल गुबगुबीत घाट. नमुना तयार झाल्यावर इसिगोनिसला ती अरुंद वाटली, म्हणून त्याने ती मधोमध उभी कापून घेतली, दोन्ही अर्धे थोडे थोडे लांब सरकवून पाहिले आणि चार इंच रुंदी वाढवली. बॉनेटच्या मध्यावरचा तो सपाट उंचवटा ही त्या कापाची खूण. पुढचे टॉर्शन बार, रॅक अँड पिनियनचं स्टिअरिंग, वळणावर रस्ता धरून ठेवण्याची तिची ती विलक्षण पकड... देवघरातली मूर्ती म्हणाल तर ही. इंजिन हा पुजारी आहे, आणि पुजारी बदलत आलेले आहेत.

मूर्तीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मंगेश सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. जागा बदलली, भिंती बदलल्या, आजचे मंडप-शिखरं नंतरच्या काळातली. म्हणून कुणी तिथून हात न जोडता परत फिरतो काय? आपल्या भाषेत या कामाला 'जीर्णोद्धार' असा छान शब्द आहे. त्यात उद्धार आहे, नुसती राखण नाही. (अलीकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली लाकडी कोरीव खांब उपटून ग्रॅनाइट लावायची साथ आलेली आहे, तो वेगळा आणि जास्त रडू येण्याजोगा विषय. असो.)

आता समोरच्या पक्षाचा खरा बळकट मुद्दा घेतो, कारण तो त्यांनी स्वतः नीट मांडलेला नाही. मायनर ही काही दुर्मिळ गाडी नव्हे. इंग्लंडमध्ये तिचे सुटे भाग आजही भरपूर मिळतात. तेव्हा नवा-जुना ब्लॉक मागवा, जुनंच इंजिन बांधा, कशाला हा उपद्व्याप? बरोबर आहे. ज्याचा ब्लॉक शाबूत आहे त्याने तेच करावं, मी स्वतः तसाच सल्ला देईन. पण ज्याला अख्खं इंजिनच आणायचं आहे, त्याने बिडाचं ते धूड बोटीने आणायचं, जकात भरायची, इतकं करून हातात येणार दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीतलं, दुसऱ्याच नंबरचं इंजिन. ते 'मूळ' कसं झालं? आणि ते आणूनही दुखणी जुनीच. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. त्या शिशावर या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट तग धरून होत्या, आता कठीण धातूच्या सीट बसवल्याशिवाय त्या झिजून खोल जातात. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे ते खातं, हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या जून-जुलैतल्या हवेत किती ओढेल ते सांगायला नको.

नळ्या तर जिप्सीच्या इंजिनालाही नव्या लागणारच, ते मान्य. पण त्याचे भाग म्हापशाच्या दुकानात मिळतात, तिथल्या कुठल्याही मेस्त्रीला ते डोळे मिटून उघडता येतं. मुंबई-मडगावच्या रस्त्यावर बंद पडलं तर रात्री दहालाही कुणी तरी येतो. माझ्या मित्राला ही गाडी चोर्ल्यातून बेळगावला न्यायची आहे. झाकून ठेवलेल्या गाडीत घाट चढत नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रत्येक अदलाबदलीचं समर्थन मी करत नाही. आयातीचे दरवाजे बंद होते त्या दशकांत देशभरच्या गराजांनी परदेशी गाड्यांत अ‍ॅम्बॅसेडरचं डिझेल इंजिन कोंबलं. ते लोक नसते तर निम्म्या गाड्या भंगारात गेल्या असत्या, हे ऋण मोठं आहे. पण नाक जमिनीला टेकलं, चॅसिस गॅसने कापली, ब्रेक मात्र साहेबांच्या वेळचेच! असल्या कामामुळेच 'इंजिन बदललं' म्हटल्यावर जाणत्यांच्या कपाळावर आठी येते. म्हणून मित्राच्या कागदावर काय लिहिलंय ते जरा तपशिलाने सांगतो. टीका करणाऱ्यांपैकी एकानेही तो कागद मागितलेला नाही.

जिप्सीच का? कारण तिचं इंजिन लांबीत बसतं आणि ताकद मागच्या चाकांकडे जाते, मायनरसारखीच. मारुती ८०० किंवा झेनचं इंजिन आडवं, पुढच्या चाकांचं. ते घालायचं तर गाडीच नवी बनवावी लागेल. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस वेगवेगळे असतात, मध्ये आखूड शाफ्ट. ट्रान्स्फर केस काढून टाकला की गिअरबॉक्समधून सरळ मागे शाफ्ट नेता येतो. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे नाकावरचं वजन वाढत नाही, उलट कमी होतं. आणि पाचवा गिअर! मूळ गाडीत चारच. ताशी ८० वर ते बिचारं ९४८ सीसीचं इंजिन मिनिटाला सुमारे ३२०० फेरे मारत ओरडायचं.

अडचणी? भरपूर. ट्रान्स्फर केस गेला की त्याच्याबरोबर स्पीडोमीटरची केबलही गेली, तेव्हा डॅशबोर्डच्या मधोमध बसलेला तो देखणा मोठा काटा फिरवायचा कसा, यावर दोन आठवडे डोकेफोड चालली आहे. विजेचं उलटंच प्रकरण. मायनरला पॉझिटिव्ह अर्थ आणि डायनमो, जिप्सीला निगेटिव्ह अर्थ आणि आल्टरनेटर. बॅटरी फिरवून काम भागत नाही, वायरिंग पहिल्यापासून तपासून बरंचसं नवं ओढावं लागेल. एमपीएफआयचं ८० अश्वशक्तीचं इंजिन मिळत होतं, ते त्याने मुद्दाम नाकारलं. टाकीत पंप, प्रेशरची नळी, परतीची नळी, संगणक... शिवाय एवढी ताकद या गाडीला हवी कशाला? आधीच्या पिढीचं कार्ब्युरेटरचं ६० चं घेतलं.

पण मूळच्या ३७ पुढे ६० हेही दीडपटीहून जास्त होतात, आणि खरी परीक्षा इथेच आहे. १९५८ च्या मायनरला चारही चाकांवर सात इंची ड्रम. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसिसच्या पोटात, जिथे पावसाळ्याचं पाणी पहिलं पोचतं. इंजिन येण्याआधी ब्रेक, हा त्याचा नियम: पुढे १०९८ सीसीच्या गाडीचे आठ इंची ड्रम, पाइप सगळे नवे. मागच्या अ‍ॅक्सलचे हाफशाफ्ट तपासून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर यायची नाही.

आणि शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. चॅसिसला कटर लागणार नाही. इंजिनाची फाउंडेशन नव्या ब्रॅकेटवर, ती ब्रॅकेट कंपनीच्याच भोकांत बोल्टने. जुनं इंजिन तडा गेलेलं असलं तरी ग्रीस लावून, नंबरासकट, पेटीत ठेवायचं. उद्या त्याच्या लेकीला वाटलं, नातवाला वाटलं, तर चार दिवसांत गाडी होती तशी होईल. मी विचारतो, यातलं कोणतं कलम खुनाचं?

आता कायदा. इथे मात्र माझा राग शौकिनांवरून सरकारकडे वळतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज'. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो, ही त्यातली भली गोष्ट, आपल्याकडच्या 'जीडी'वाल्या पाट्या त्यामुळे वाचल्या. पण मेख पुढे आहे. व्हिंटेज झालेली गाडी प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला न्या, रोजच्या वापराला नाही. म्हणजे सरकारदरबारी जुन्या गाडीचा अर्थ बघण्याची वस्तू! माझ्या मित्राला ही पदवी नकोच आहे. त्याला साधी गाडी हवी आहे, जी आहे तशी नोंदलेली.

आणि ते जवळपास अशक्य करून ठेवलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसी बुकातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, किंवा दोन्ही. बेकायदा भोंगे आणि डोळे दिपवणाऱ्या दिव्यांच्या गाड्या पाहिल्या की हा कडकपणा मलाही पटतो. पण ज्या गाडीची कंपनीच पृथ्वीतलावर उरलेली नाही, तिच्या मालकाने दुसरं इंजिन घालायला परवानगी मागायची ती कोणत्या कागदाच्या आधारावर? गंमत पाहा: पेट्रोलचं इंजिन काढून विजेची मोटर बसवायला नियम आहेत, किटला मान्यता देण्याची पद्धत आहे. खुद्द फोक्सवॅगनने २०१९ मध्ये जुन्या बीटलमध्ये विजेची मोटर घालून दाखवली. म्हणजे अख्खी जातच बदलायला वाट आहे, आणि पेट्रोलच्या जागी पेट्रोल घालायला भिंत!

याचा परिणाम सगळ्या गराजांना माहीत आहे. लोक बदल करतात, सांगत नाहीत. जुन्या इंजिनाचा नंबर नव्यावर ठोकतात. तो सरळ गुन्हा आहे. शिवाय अपघात झाला की विमा कंपनी आधी इंजिनाचाच नंबर बघते, आणि मग सगळी भरपाई घराच्या उंबरठ्यावर येते. मला हवी असलेली गोष्ट फार मोठी नाही. इंजिन कुठून आलं त्याची पावती आणि त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा दाखला, ब्रेक आणि धुराची चाचणी, मान्यताप्राप्त अभियंत्याची सही, आणि आरसी बुकात एक ओळ: इंजिन बदललं. चोरीचा माल यात खपणार नाही, आणि लपवण्याचं कारणही उरणार नाही.

व्हिंटेज क्लबांनी वास्तविक ही मागणी कधीच लावून धरायला हवी होती. त्यांच्याकडे वजन आहे, मंत्री त्यांच्या रॅलीला झेंडा दाखवायला येतात. पण त्यांचा सगळा जोर कुणाच्या गाडीचे स्क्रू मूळचे आणि कुणाचे नकली यावर. आपल्या गावागावांत पडवीच्या मागे ताडपत्रीखाली किती गाड्या गंजत पडल्या आहेत ते एकदा हिंडून मोजा म्हणावं. घरातली पोरं परदेशी, घर विकायला काढलेलं, आणि गाडी घराबरोबर फुकट. ती घेणारा गोव्याबाहेरचा व्यापारी 'मूळ इंजिन आहे ना?' एवढंच विचारतो. चालते का, हे विचारतच नाही.

मित्राचा अर्ज तयार आहे. जिप्सीच्या पावतीसह तो या आठवड्यात दाखल होईल, नाकारला तर लेखी कारण मागितलं जाईल. तोवर इंजिन स्टँडवर आणि गाडी विटांवर आहे. १०९८ सीसीच्या मायनरचे पुढचे आठ इंची ड्रम, बॅकप्लेटसकट, कुणाच्या घरी पडून असतील तर कळवा. योग्य किंमत देऊ, आणि ते कुठे बसवले हे बघायला घरी बोलावू.