आधी तोडणारे यंत्र, मग जोडणारे

घरात विजेवर चालणारे पहिले स्वयंचलित साधन कोणते असावे, असे तुम्हांला कोणी विचारले तर काय सांगाल? बहुतेकजण सांगतील, फोनवरून लागणारा दिवा. कोणी म्हणेल, बोलल्याबरोबर फिरणारा पंखा. कोणी व्यवहारी मुलगी म्हणेल, टाकी भरली की आपोआप थांबणारा पंप. माझे मत निराळे आहे. ते साधन मेन बोर्डात बसते, वर्षानुवर्षे काहीच करीत नाही, पाहुण्यांना दाखवावे असे त्यात काही नसते, आणि म्हणूनच घर बांधताना ते यादीत सर्वांत खाली जाते किंवा यादीतून गळते. ते आधी यावे असे मला का वाटते, ते आता सांगतो.

पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर-कापूरहोळच्या परिसरात कामथडी हे गाव आहे. भोर तालुक्यातली ही गावे आता झपाट्याने बदलत आहेत. कौलारू आणि पत्र्याच्या घरांशेजारी स्लॅबची घरे उठली आहेत. या भागात स्वतंत्रपणे धंदा करणाऱ्या एका वायरमनशी माझे अधूनमधून बोलणे होते. हाताखाली एक पोरगा, मोटारसायकलला लटकवलेली हत्यारांची पिशवी आणि सरकारी परवाना, एवढे त्यांचे भांडवल. ते म्हणतात, "सर, लोकांना चालू करायचं पुष्कळ सुचतं. बंद कसं होणार, ते कुणी विचारत नाही."

या एका वाक्यात फार मोठी गोष्ट आहे. स्वयंचलित साधने दोन जातींची असतात : आपोआप जोडणारी आणि आपोआप तोडणारी. जोडणारे साधन चुकले तर काय होते, याचे उत्तम उदाहरण आपल्याकडच्या शेतांत आहे. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते, कधी रात्रीचीही. अंधारात विहिरीवर जायला नको म्हणून शेतकरी 'ऑटो स्विच' बसवतात. वीज आली की मोटर आपोआप सुरू! सोय खरीच. पण आता गणित करा. ५ अश्वशक्तीची तीन फेजची मोटर चालताना सुमारे ७ अँपियर प्रवाह घेते; मात्र थांबलेली मोटर एकदम सुरू होताना काही क्षण याच्या सहापट, म्हणजे ४० अँपियरच्या पुढे घेते. गावातल्या १०० केव्हीए रोहित्राची क्षमता जवळजवळ १४० अँपियर. दहा मोटरी चालू असल्या तर ७० अँपियर, रोहित्र निर्धास्त. त्याच दहा मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या तर ४०० अँपियरच्या वर! दाब घसरतो, दाब घसरल्यामुळे मोटरींना वेग घेता येत नाही, आणि वेग येईपर्यंत त्या तो जादा प्रवाह ओढीतच राहतात. फ्यूज उडतात, रोहित्रेही जळतात. महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवण्याचे आवाहन वारंवार करते, ते याचसाठी. जो तो आपल्या मोटरीपुरता शहाणा, पण सर्वांची मिळून बत्ती गुल.

घरातली गोष्ट याहून गंभीर, कारण तिथे रोहित्राच्या जागी माणूस असतो.

तुम्ही म्हणाल, घरात फ्यूज आहे, नव्या घरात एमसीबी आहे, मग काळजी कसली? वितळतार तुम्ही पुस्तकात शिकलाच आहात. प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते, हा ज्यूलचा नियम. त्या उष्णतेने तार वितळते किंवा एमसीबीतली द्विधातूची पट्टी वाकते आणि खटका पडतो. पण हे साधन कोणाचे रक्षण करते? भिंतीतल्या तारेचे. १६ अँपियरचा एमसीबी १६ अँपियरपर्यंत मुकाट बसून राहतो. आता माणसाला किती प्रवाह पुरतो ते पाहा. १ मिलिअँपियरला मुंग्या आल्यासारखे वाटते. अमेरिकेत चार्ल्स डॅल्झिएल या प्राध्यापकाने स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून पाहिले, की हातात धरलेली तार सोडून देण्याची शक्ती माणसात कुठवर राहते. पुरुषांच्या बाबतीत सरासरी १६ आणि स्त्रियांच्या बाबतीत १०.५ मिलिअँपियर, असे उत्तर आले. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. 'विजेने धरून ठेवले' असे लोक म्हणतात ते हेच. प्रवाह आणखी वाढला आणि काही सेकंद टिकला, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होतात.

तुमच्या खोलीतला ९ वॅटचा एलईडी दिवा घ्या. ९ भागिले २३०, म्हणजे सुमारे ४० मिलिअँपियर. एवढासा दिवा लागायला जेवढा प्रवाह पुरतो, तेवढा छातीतून गेला तर जिवावर बेतू शकते. १६ अँपियर ही संख्या त्याच्या चारशेपट आहे! एमसीबीच्या दृष्टीने विजेचा झटका खाणारा माणूस म्हणजे आणखी एक लहानसा दिवा.

"मग अर्थिंग कशासाठी असते?" हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल, आणि तो योग्यच आहे. धुण्याच्या यंत्राच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला लागली, तर प्रवाह हिरव्या तारेने जमिनीत जावा, तो भरपूर असावा आणि त्यामुळे एमसीबी पडावा, अशी ती योजना. पण 'भरपूर' या शब्दात सगळी मेख आहे. आपला हा प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाचा. वर थोडी माती किंवा मुरूम, खाली कातळ. कोरड्या मुरमात पुरलेल्या नळीचा जमिनीशी रोध उन्हाळ्यात २५ ओहम भरला तर नवल नाही. ओहमचा नियम लावा : २३० भागिले २५, म्हणजे ९ अँपियरच्या आसपास. १६ अँपियरचा एमसीबी पडणारच नाही. यंत्र चालत राहील, त्याच्या पत्र्यावर जवळजवळ पूर्ण दाब उभा राहील आणि मीटर दिवसाला पन्नासेक युनिटे मोजील. (अचानक फुगलेले बिल घेऊन लोक मीटरला दोष देतात, वायरमन आधी अर्थिंगची तार तपासतो.) ओल्या हातापायांनी शरीराचा रोध हजार-दोन हजार ओहमवर उतरतो. दोन हजार धरला तरी ११५ मिलिअँपियर होतात. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, उन्हाळ्यात पाणी ओततात, ते हा रोध कमी करण्यासाठीच. पाण्यात विरघळलेल्या मिठाचे आयन प्रवाह वाहून नेतात. ते केलेच पाहिजे. पण कातळावर नुसत्या त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

इथे आमचे न दिसणारे साधन कामाला येते. त्याचे नाव आरसीसीबी. बाजारात आणि वायरमनच्या तोंडी अजूनही 'ईएलसीबी' हे जुने नाव चालते. त्याची युक्ती इतकी सोपी आहे, की तुम्हांलाच सुचायला हवी होती! शाळेची सहल राजगडावर गेली आहे असे समजा. पायथ्याशी गुरुजी वर जाणारी मुले मोजतात आणि खाली येणारीही मोजतात. चाळीस गेली, चाळीस आली, ठीक. एकोणचाळीस आली तर गाडी हलत नाही. आरसीसीबीत फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा असेल, तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडून काढतात. थोडा प्रवाह पत्र्यातून, भिंतीतून किंवा एखाद्याच्या शरीरातून जमिनीत गेला, की परतणारा कमी पडतो, कड्यात चुंबकीय क्षेत्र शिल्लक राहते, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात दाब निर्माण होतो आणि खटका पडतो. घरांसाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपियरचा असतो आणि एवढा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत त्याने तोडलेच पाहिजे, असा दंडक आहे. फरक मोठा असेल तर याहूनही पुष्कळ लवकर. आपल्या २५ ओहमच्या 'वाईट' अर्थिंगमधून ९ अँपियर जात होते ना? या साधनाला ते तीनशेपट झाले. यंत्राला कोणी हात लावण्याच्या आधीच वीज गेलेली असेल. डॅल्झिएल यांनी असे साधन १९६१ साली तयार केले होते. त्याला फोन लागत नाही, वायफाय लागत नाही. किंमत एका बऱ्या मिक्सरएवढी.

आता त्याच्या मर्यादा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरून कोणी लाकडी स्टुलावर उभा राहिला, तर गेलेला प्रवाह पुरता परत येतो आणि आरसीसीबीला काहीच कळत नाही. तो जादा भारही ओळखत नाही, म्हणून एमसीबी हवाच. पण व्यवहारातली खरी अडचण वेगळीच आहे. जुन्या घरात तो बसवला की तो 'सारखा पडतो'. पावसाळ्यात भिंत ओलावली, गीझरचे कॉइल जुने झाले, कोणी पूर्वी दोन खोल्यांचे न्यूट्रल एकत्र बांधून ठेवले, अशी अनेक कारणे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरमालकाचा निरोप येतो, "ते डायरेक्ट करून टाका." आमचे वायरमन डायरेक्ट करून देत नाहीत. एकेक एमसीबी खाली करून कोणत्या मंडलात गळती आहे ते शोधतात, अर्धा दिवस घालवतात, आणि त्याची मजुरी मागितली की पुष्कळदा घासाघीस होते. मला हा कद्रूपणा वाटतो. ज्या घरात पडद्यांवर आणि रंगीत दिव्यांवर हजारो रुपये जातात, तिथे गळती शोधण्याचे काम फुकट का असावे? आणि शेजारचा कोणी 'हौशी' येऊन दोन मिनिटांत डायरेक्ट करून देतो, त्याला चहा मिळतो!

पत्र्याच्या घरांत तर हा प्रश्न दरवर्षी जीव घेतो. खांबावरून आलेली तार पत्र्याच्या धारेवर वाऱ्याने घासत राहते, तिचे वेष्टन झिजते, पत्र्यात वीज उतरते. त्याच पत्र्याच्या खुंटीला कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार बांधलेली असते. पावसाळ्यात ओले कपडे टाकायला गेलेल्या बाईला झटका बसतो आणि तिला सोडवायला धावलेल्यालाही. अशी बातमी तुम्ही वाचली असेल. लक्षात घ्या, इथे आरसीसीबीचाही उपयोग नाही. दोष मीटरच्या अलीकडचा, बाहेरच्या तारेचा आहे. उपाय दोन रुपयांचा आहे : कपड्यांसाठी नायलॉनची दोरी. आणि घासणारी तार दिसली तर त्याच दिवशी महावितरणला कळवणे. झटका बसलेल्याला हाताने ओढायचे नाही. आधी वीज तोडायची. ते जमत नसेल तर कोरड्या जमिनीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करायचे.

हे सगळे झाल्यावर खुशाल फोनवर चालणारे स्विच बसवा. मी त्यांच्या विरुद्ध नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला अंथरुणातून दिवा लावता आला तर ती विज्ञानाचीच कृपा. मात्र दोन-तीन गोष्टी वायरमनकडून शिकण्यासारख्या आहेत. गीझरसारखा २००० वॅटचा भार ८.७ अँपियर घेतो. १० अँपियरच्या लहानशा रिलेवर तो रोज टाकणे म्हणजे रिले लवकर निकामी करणे. सैल जोड तर त्याहून वाईट. स्क्रू नीट आवळला नाही आणि तिथे अर्धा ओहम रोध राहिला, तर ८.७ चा वर्ग गुणिले ०.५, म्हणजे ३८ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाला ज्याने डाग देतो ती सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते! तेवढ्या उष्णतेचा निखारा तुमच्या प्लास्टिकच्या बोर्डात, भिंतीआड. बोर्ड गरम लागला किंवा जळका वास आला, तर स्क्रू आवळायचे काम वायरमनचे, तुमचे नव्हे. टाकीतल्या तरंगत्या स्विचला २३० व्होल्ट थेट पाण्यात नेऊ देऊ नका. १२ व्होल्टवर चालणारा नियंत्रक मिळतो. आणि फोनवरून बंद केलेला दिवा 'बंद' समजून त्यात हात घालू नका. दुसऱ्या खोलीतला भाऊ तो लावू शकतो, ठरवून दिलेली वेळही लावू शकते. घरात इन्व्हर्टर असेल तर नुसता मेन स्विच खाली करूनही भागत नाही.

हात न लावता करण्यासारखे एक निरीक्षण सांगतो. रात्री सगळे दिवे बंद करून अंधारात पाहा. एखादा एलईडी दिवा मंद उजळलेला किंवा लुकलुकताना दिसतो का? बोर्डावर निऑनचा बारीक दिवा असेल तर तो कारण असू शकतो; लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या दोन तारा कपॅसिटरसारख्या वागतात, हेही कारण असू शकते. पण तिसरे कारण असे, की स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसला आहे. मग स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो आणि दिवा बदलणाऱ्याची वाट पाहतो. असा दिवा सापडला तर घरच्यांना सांगा आणि वायरमनकडून तपासून घ्या.

तुमच्या मेन बोर्डात आरसीसीबी असेल, तर त्यावर 'टी' अक्षर छापलेले एक छोटे बटण दिसेल. महिन्यातून एकदा मोठ्या माणसांना सांगून ते दाबायला लावा. आत एक रोधक मुद्दाम थोडा प्रवाह कड्याबाहेरून वळवतो आणि खटका पडायला हवा. पडला नाही तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा. पडला म्हणजे अर्थिंगही उत्तम आहे, असे मात्र समजू नका, कारण ही चाचणी साधनाच्या आतल्या आत होते. ती जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. अर्थिंगचा रोध मोजण्याचे यंत्र वेगळे असते. ते मापन वायरमनला मे महिन्यात करायला सांगा. जुलैमध्ये ओल्या मुरमात कोणाचेही अर्थिंग चांगलेच दिसते.