उसण, पायाळू आणि सुई

गेल्या सोमवारी पलंगाखालचा पितळी डबा ओढायला वाकले आणि कमरेत अशी उसण भरली की सरळच होता येईना! सुनेने कसंबसं रिक्षात बसवून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "आजी, स्नायू आखडलाय. शेक आणि साधी गोळी पुरे." पण मी कसली ऐकतेय! "इंजेक्शन द्या, मगच उठते." शेवटी त्यांनी रक्तदाब पाहिला, किडनीचे रिपोर्ट विचारले आणि डायक्लोफिनॅकची सुई दिली. तासाभरात कळ गेली. मी लगेच ओटा आवरायला उभी! संध्याकाळी पुन्हा आडवी. दुखणं बरं झालं नव्हतं, नुसतं गप्प बसलं होतं.

घरात पडल्या पडल्या लहानपण आठवलं. गावाला कुणाची उसण भरली की पायाळू माणसाला बोलावत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याने कमरेला पाय लावला की उसण जाते, अशी समजूत. पुढे वर्गात मीच ही अंधश्रद्धा म्हणून शिकवली. आता वाटतं, मी तरी वेगळं काय केलं? अशी उसण बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते. श्रेय तेव्हा पायाला मिळे, आता सुईला!

फरक एवढाच, की पायाळूचा पाय बाहेरच्या बाहेर परत जायचा. औषध रक्तातून मूत्रपिंडापर्यंत पोचतं. हेच औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. २००६ साली, म्हणजे आमचं नाहूर स्टेशन सुरू झालं त्याच वर्षी, जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ मध्ये माणसांची कुपीही ३ मिलीचीच ठेवायचा नियम झाला. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, हे मान्य. डॉक्टरांनी पारखून दिलं तर औषध उपयोगीच आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने त्यासाठी हट्ट धरावा का?

माझ्या मते इथे डॉक्टरांपेक्षा आपलंच जास्त चुकतं. सुई टोचली नाही तर फी वाया गेली असं आपल्याला वाटतं. "शेक घ्या, जड उचलू नका, थोडं थोडं चालत राहा" हा सल्ला आपण औषधात धरतच नाही. खरं औषध तर तेच! दिवसभर नुसतं पडून राहिलं तर कंबर आणखी धरते, हे मी दोन दिवसांत शिकले.

सध्या गरम पाण्याची पिशवी आणि हॉल ते गॅलरी अशा फेऱ्या चालू आहेत. नातू विचारतो, "आजी, मी पायाळू आहे का गं?" म्हटलं, "नाही रे राजा, तू सिझेरियनचा!"

असो. तुमचीही उसण कधी भरली, तर सुई मागण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा, "हिच्याशिवाय भागेल का?" आणि "भागेल" म्हणाले, तर माझ्यासारखं अडून बसू नका.