सडपातळ पियानोचा खर्ज

“सर, आमच्या सांगवीच्या दोन खोल्यांत पियानो मावेल का?” एका विद्यार्थिनीने विचारले.

पूर्ण पियानोत ८८ पट्ट्या. पैकी पांढऱ्या ५२, प्रत्येकी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद. म्हणजे सव्वा मीटर जागा हवीच. डिजिटल पियानोत तारा नसल्याने जाडी मात्र घटते. पण डावीकडच्या शेवटच्या पट्टीचा खर्ज २७.५ हर्ट्झचा, त्यासाठी पुरेशी हवा हलवणे चिमुकल्या ध्वनिक्षेपकाला जमत नाही. वरच्या संनादी स्वरांवरून कान तो स्वर ओळखतो (कानाची ही करामतच!), भरदारपणा तेवढा हरवतो.

तरीही मी सडपातळच सुचवला. हेडफोन लावला की खर्ज बराचसा परत येतो. शेकडो आवाजांच्या जाहिरातीला भुलू नये. पट्टी दाबताना हातोडीचा भार जाणवतो का, ते पाहावे. पट्ट्यांची टकटक खालच्या मजल्यावर पोचते, म्हणून स्टँडखाली रबराचे तुकडे ठेवावेत.