गाडीचा नंबर एकदा तपासा

शाळेच्या व्हॅनचे चाचा परवा गेटवर भेटले, तेव्हा मी विचारलं, "चाचा, तुमच्या गाडीचा रिकॉल निघालाय का, बघितलं कधी?"

ते हसले. "टीचर, रिकॉल तर तुम्ही पोरांकडून करून घेता!"

खरं आहे. आमच्या बी.एड.च्या पुस्तकात रिकॉल म्हणजे शिकलेलं आठवणं. गाड्यांच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ वेगळा. कारखान्यातच राहून गेलेला दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनी त्या गाड्या परत बोलावते. दुरुस्ती मोफत असते.

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या दोन मॉडेलच्या ८७,५९९ गाड्या अशाच परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या. स्टीअरिंगच्या टाय रॉडच्या एका भागात दोष असू शकतो, क्वचित तो तुटून गाडी वळवण्यावर परिणाम होऊ शकतो, असं कंपनीनेच जाहीर केलं. टाय रॉड म्हणजे स्टीअरिंगची हालचाल पुढच्या चाकापर्यंत पोचवणारी दांडी. ती तुटली की हातातलं स्टीअरिंग फिरतं, पण रस्त्यावरचं चाक त्याचं ऐकत नाही. ईकोमध्ये तर आपल्याकडे नानी-खालांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे लग्नाला निघतात! यादीतली प्रत्येक गाडी खराबच असते असं नाही. तपासतात, गरज असेल तर भाग बदलून देतात.

चाचा म्हणाले, "तसं काही असतं तर कंपनीचं पत्र आलं असतं ना?"

इथेच गफलत होते. चाचांनी व्हॅन सेकंडहँड घेतलेली. कंपनीकडे बहुतेक वेळा पहिल्या मालकाचाच पत्ता आणि फोन असतो. निरोप त्याला जातो, गाडी भलत्याच गावात धावत असते. आपल्यात तर कित्येकजण आर.सी.सुद्धा वर्षानुवर्षं नावावर करून घेत नाहीत.

म्हणून आर.सी.वरचा चेसिस नंबर घ्यायचा आणि कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासायचा. घोषणा जुनी झाली म्हणून संकोच नको. काम झालं की जॉबकार्डवर लिहून घ्या. मोहल्ल्यातला मिस्त्री कितीही हुशार असला तरी ही यादी त्याच्याकडे नसते, आणि अलाइनमेंट करून कच्ची दांडी पक्की होत नाही. स्टीअरिंग ढिलं वाटत असेल, खड्ड्यात खडखड होत असेल, तर मात्र कुठल्याही यादीची वाट न बघता गाडी दाखवा.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, एकाच दोषाच्या पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. शेजाऱ्यापाशी कुरकुर केलेली या मोजणीत धरत नाहीत, बरं का! तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदवावी लागते.

दुसऱ्या दिवशी चाचा आर.सी. घेऊन आले. मधल्या सुट्टीत आम्ही नंबर टाकला. यादीत नव्हता. "अल्हमदुलिल्लाह," म्हणाले, आणि खिशातून भाच्याच्या आर.सी.ची झेरॉक्स काढली.