कमरेच्या नाडीखालचा वळ

परकराच्या नाडीचा काळा वळ आमच्या आजीच्या कमरेला होता, आईच्याही होता. त्याला कुणी आजार म्हटले नाही. खाज आली की खोबरेल, चिघळले की हळद, फार झाले तर मेडिकलमधली नायट्याची ट्यूब. वळ पांढरा पडू लागला की मात्र घरात कुजबुज, कोड तर नाही? मग तो लपवायचा.

मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथले डॉ. वसंत रामजी खानोलकर सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा तुकडा तर पाहतच, पण रोगी काय नेसतो, तंबाखू तोंडात कुठे धरतो, हेही विचारत. १९४५ मध्ये त्यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधावर निबंध प्रसिद्ध केला. धोतर कमरेला घट्ट आवळून वर्षानुवर्षे एकाच जागी घासले, की तिथे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, ही नोंद त्यात आहे. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांतही तेच आढळले.

ही जुनी गोष्ट नाही. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क बायकांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातली एक चाळीस वर्षे परकराविना लुगडे कसून नेसत होती. कमरेची जखम दोन वर्षे अंगावर काढली. निदान झाले तेव्हा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. असा रोग क्वचितच होतो, वळ असलेल्या बहुतेकींना काही होत नाही. पण महिना उलटूनही न भरणारी, कडा जाड झालेली, हात लावताच रक्त येणारी जखम दाखवलीच पाहिजे. भाजल्याच्या जुन्या व्रणावर, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायावर अशी जखम दिसली तरी तेच. स्टोव्हच्या भडक्याचे व्रण आपल्या वस्तीत किती घरांत आहेत, हे सांगायला नको. डॉक्टर छोटा तुकडा काढून तपासतात. लवकर कळले तर बहुधा तेवढा भाग कापून काढण्यावर भागते.

आता आमचे म्हणणे. तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख पाहतात. आशाताईंच्या फॉर्ममध्ये कुष्ठरोगासाठी बधिर चट्टा आणि तळपायाची जखम विचारलेली असते. मग त्याच वेळी “कमरेला काही चिघळतंय का?” हा एक प्रश्न का नको? त्याला पैसा लागत नाही. आणि पाहणारी बाई हवी. पुरुष डॉक्टरसमोर कंबर दाखवायची म्हणून आणि रोज बुडतो म्हणून आमच्या किती जणी दवाखान्याच्या दारातून परत येतात, हे आम्ही पाहिले आहे.

तोवर नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घ्या. गाठ रोज थोडी वर-खाली बांधा. घरी आल्यावर सैल करा. येत्या रविवारी विहारात बायका जमतील तेव्हा पडदा लावून एकमेकींची कंबर पाहायची, असे आम्ही ठरवले आहे. सासूबाईंनाही आणा.